फिलिप्सचे फसलेले यंत्र आणि आपल्या घरातली व्हीसीडी

लग्नाच्या, अकीक्याच्या, हजला निघालेल्या बुजुर्गांच्या निरोपाच्या जुन्या सीडी मोबाइलमध्ये उतरवून देण्याचे काम संगमनेरात अजून निघते. काम मोठे नाही, पण बारमाही आहे. मागे अशाच एका दुकानात बसलो होतो. तेथील तरुण कारागीर एका गिऱ्हाइकाच्या निकाहाची व्हीसीडी संगणकावर उघडून पाहत होता. त्याने सहज विचारले, "चाचा, हे सीडीआय नावाचे फोल्डर जवळजवळ प्रत्येक व्हीसीडीत निघते. व्हायरस तर नव्हे? मी तर कॉपी केल्यावर काढूनच टाकतो."

व्हायरस नव्हे. काढून टाकले तरी काही बिघडत नाही. पण त्या फोल्डरमागे एका बलाढ्य कंपनीच्या फार मोठ्या तोट्याची हकीकत आहे, आणि ती आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी ऐकण्यासारखी आहे. त्या मुलाला दुकानात थोडक्यात सांगितले, तेच येथे सविस्तर देत आहे.

व्हीसीडी संगणकात घातली की चार-पाच फोल्डर दिसतात. त्यांपैकी एमपेगएव्ही नावाच्या फोल्डरमध्ये खरा चित्रपट असतो. बाकीच्यांत गाण्यांची अनुक्रमणिका, स्थिरचित्रे वगैरे. आणि एक फोल्डर सीडीआय. त्यात तीन-चार लहान फाइली असतात आणि त्यांपैकी एक चक्क संगणकाचा प्रोग्राम असतो. आपल्या घरातला व्हीसीडी प्लेअर या फाइलींकडे ढुंकूनही पाहत नसे. त्या आहेत एका वेगळ्याच यंत्रासाठी. ते यंत्र आपल्या जिल्ह्यात कोणाच्या घरी क्वचितच आले असेल, पण त्याची निशाणी मात्र हजारो घरांतल्या कपाटांत पडून आहे.

हे यंत्र म्हणजे हॉलंडच्या फिलिप्स कंपनीचे सीडी-आय. यातला 'आय' म्हणजे इंटरॅक्टिव्ह. साधी गाण्यांची सीडी आपण नुसती ऐकतो. या सीडीला पाहणाऱ्याने मध्येच हुकूम द्यावा आणि तिने त्याप्रमाणे वागावे, अशी कल्पना होती. फिलिप्स आणि जपानची सोनी या दोन कंपन्यांनी मिळून गाण्यांची सीडी १९८२ साली बाजारात आणली आणि जग जिंकले. पुढचे पाऊल म्हणून १९८६ साली त्यांनी सीडी-आयची घोषणा केली. एकाच चकतीवर आवाज, चित्र, मजकूर आणि खेळ असणार होते. त्या काळी 'मल्टिमीडिया' हा शब्द नुकताच गाजू लागला होता आणि जो तो तोच जपत होता.

घोषणा १९८६ ची. अमेरिकेतील दुकानांत यंत्र आले १९९१ च्या अखेरीस. मधली पाच वर्षे लक्षात ठेवावीत.

यंत्र दिसायला व्हिडिओ प्लेअरसारखे, काळी पेटी. टीव्हीला जोडायचे, रिमोटने चालवायचे. पण आत खरे तर पूर्ण संगणक होता. मोटोरोलाच्या प्रसिद्ध ६८००० जातीचा, फिलिप्सने स्वतः बनवलेला प्रोसेसर आणि एक मेगाबाइट मेमरी. संगणक म्हटला की त्याला चालवणारी मूळ प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम लागते. या यंत्राच्या प्रणालीचे नाव सीडी-आरटॉस. ती फिलिप्सने शून्यातून बनवली नव्हती. अमेरिकेतील आयोवा राज्यात मायक्रोवेअर नावाची एक लहान कंपनी होती. तिने १९८० च्या सुमारास ओएस-९ नावाची प्रणाली तयार केली होती आणि ती कारखान्यांतील यंत्रे चालवण्यासाठी वापरली जात असे. तिच्यावरून सीडी-आरटॉस बेतली. जाता जाता एक गंमत सांगतो. १९९९ साली ॲपल कंपनीने आपल्या संगणकाच्या प्रणालीला 'मॅक ओएस ९' हे नाव दिले, तेव्हा याच मायक्रोवेअरने 'हे नाव आमचे' म्हणून अमेरिकेच्या कोर्टात दावा लावला. २००० साली निकाल ॲपलच्या बाजूने गेला.

कारखान्याची प्रणाली घरच्या करमणुकीच्या यंत्रात कशाला घातली? याचे उत्तर समजले तर यंत्राचा गुण आणि दोष दोन्ही समजतात. वलीम्याच्या दावतीचे उदाहरण घेऊ. दस्तरखान मांडला आहे. आतून रोटी, सालन, बिर्याणी, पाणी सगळे यायचे आहे, पण स्वयंपाकाकडून येणारे दार एकच आणि तेही अरुंद. एका वेळी एकच वाढपी बाहेर पडू शकतो. अशा वेळी दारात एक जाणता माणूस उभा करावा लागतो. तो बघतो की दोन रोटीवाल्यांच्या मागे एक सालनवाला सुटला पाहिजे, आणि पाणीवाला ठरावीक वेळाने आलाच पाहिजे. त्याने चूक केली तर कोणाच्या ताटात चार रोट्या आणि सालन नाही, तर कोणाच्या ताटात नुसते सालन.

सीडीचे दार असेच अरुंद होते. सीडीवरची माहिती सेक्टर नावाच्या लहान तुकड्यांत असते आणि साध्या वेगाने फिरणाऱ्या सीडीवरून सेकंदाला बरोबर ७५ सेक्टर वाचले जातात, एक कमी नाही की जास्त नाही. गाण्यांची साधी सीडी ही सगळी ७५ तुकड्यांची जागा एकट्या आवाजासाठी खाते. मग चित्राला जागा कोठून आणणार? सीडी-आयमध्ये आवाज दाबून बसवला. उत्तम दर्जाच्या आवाजाला दर दोन सेक्टरांतला एक, आणि साध्या बोलण्याच्या आवाजाला सोळातला एकच सेक्टर. उरलेल्या जागेत चित्रे आणि मजकूर. म्हणजे आवाज, चित्र, मजकूर यांचे वाढपी एकामागून एक ठरलेल्या क्रमाने सुटतात, आणि दारात उभा असलेला जाणता माणूस म्हणजे सीडी-आरटॉस. क्षणाचाही उशीर न करता काम करणे हा कारखान्याच्या प्रणालीचा गुण असतो, म्हणून ती निवडली. निवड चांगली होती, यात शंका नाही.

अडचण दारातल्या माणसाची नव्हती, दाराची होती. सीडी-आयच्या एका पडदाभर चित्रात साधारण एक लाख ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याला एक बाइट धरली तर एका चित्राला एक लाख बाइट लागतात. दारातून सेकंदाला येतात दीड लाखाच्या आसपास. म्हणजे सेकंदाला जेमतेम दीड चित्र. आणि डोळ्याला हालचाल खरी वाटायची तर आपल्याकडच्या टीव्हीवर सेकंदाला २५ चित्रे लागतात! कितीही हुशार माणूस दारात उभा केला तरी या हिशेबाला तो काय करणार? एका रंगाचे सपाट पट्टे असलेली व्यंगचित्रे थोडी दाबून बसवता येत होती, म्हणून या यंत्रावरच्या खेळांत कार्टून फार दिसतात. पण चित्रपटासारखे पडदाभर हलते चित्र दाखवणे १९९१ च्या यंत्राला जमतच नव्हते.

चित्र बारीक दाबण्याची खरी युक्ती, जिला एमपेग म्हणतात, तिचे जागतिक मानक १९९२-९३ मध्ये पक्के झाले. फिलिप्सची वही त्याआधीच लिहून झाली होती आणि यंत्रही आधीच दुकानात पोहोचले होते. मग कंपनीने एमपेगचे वेगळे कार्ट्रिज काढले. ओएस-९ ची रचना सुट्या भागांची असल्याने प्रणालीला हा नवा भाग जोडता आला, एवढे त्या मायक्रोवेअरच्या कारागिरांचे कौतुक केले पाहिजे. पण ज्याने सातशे ते हजार डॉलर मोजून यंत्र नेले, त्याला पुन्हा पैसे घाल म्हणणे म्हणजे शिलाई मशीन विकून झाल्यावर 'पायडल वेगळे मिळेल' असे सांगण्यासारखे झाले.

किमतीचा मुद्दा येथेच घेतो. त्याच १९९१ साली अमेरिकेत निन्टेन्डोचे सुपर निन्टेन्डो हे खेळयंत्र १९९ डॉलरला मिळत होते. त्यात सीडी नव्हती, पण पडद्यावर पळणारी, उड्या मारणारी पात्रे झरझर हलवण्याची खास सोय होती. सीडी-आयमध्ये ती सोय नव्हती. मुलाला खेळ हवा असेल तर स्वस्त यंत्र अधिक चांगले खेळत होते. ज्याला ज्ञानकोश हवा, त्याच्या संगणकातच थोड्या दिवसांत सीडी ड्राइव्ह आला आणि तो टाइपही करत होता, पत्रेही छापत होता. ज्याला चित्रपट हवा त्याच्याकडे व्हीसीआर होता. सीडी-आयवर म्युझियमची सहल होती, गोल्फ होता, लहान मुलांची गाणी होती, ज्ञानकोश होता. सगळे होते, पण 'हे यंत्र कशासाठी घ्यायचे' या प्रश्नाला दुकानदाराकडे एका वाक्याचे उत्तर नव्हते. ते गाण्यांच्या विभागात ठेवावे, टीव्हीच्या की खेळण्यांच्या, हेही दुकानांना नीट उमगले नाही. ज्याने कधी गल्ल्यावर बसून माल विकला आहे, त्याला ही अडचण पुस्तकातून शिकावी लागणार नाही.

फिलिप्स एकटीच फसली असे नाही. कमोडोर कंपनीचे सीडीटीव्ही १९९१ साली निघाले. थ्रीडीओ नावाचे यंत्र १९९३ साली ६९९ डॉलरला आले. ॲपल आणि बंदाई यांचे पिपिन १९९६ साली आले. सगळ्यांचा सूर तोच होता, टीव्हीखाली ठेवायची सर्व कामांची एक पेटी. सगळे बसले. पण फिलिप्सच्या हकीकतीत एक प्रसंग असा आहे की तो वेगळा सांगितलाच पाहिजे.

निन्टेन्डो आणि सोनी यांनी मिळून सुपर निन्टेन्डोला सीडी जोडायची असा करार १९८८ साली केला होता. पुढे निन्टेन्डोच्या ध्यानात आले की करारातील शब्दांप्रमाणे सीडीवरच्या खेळांचा परवाना आणि त्यावरचे उत्पन्न सोनीच्या हाती जाते. करार लिहिलेला होता, सही-शिक्क्यानिशी होता. नीट वाचला गेला उशिरा. जून १९९१ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने आपले 'प्ले स्टेशन' जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेन्डोने त्याच प्रदर्शनात सांगितले की सीडीचे काम आम्ही फिलिप्सबरोबर करणार! सोनीची भर बाजारात शोभा झाली. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराहमध्ये आहे, हे आपण सर्व जाणतो. लिहिल्यावर दोन्ही बाजूंनी समजून घेणेही त्यातच आले, असे मला नेहमी वाटते.

फिलिप्स आणि निन्टेन्डोची ती सीडी कधी निघालीच नाही. फिलिप्सच्या पदरात एवढेच पडले की निन्टेन्डोची काही पात्रे सीडी-आयवर वापरता आली. त्यातून झेल्डाच्या नावाचे खेळ निघाले, १९९४ साली 'हॉटेल मारिओ' निघाला. झेल्डाचे पहिले दोन खेळ अमेरिकेतल्या एका लहान कंपनीने रशियातून कारागीर आणून थोड्या पैशांत बनवले. खेळणाऱ्यांनी त्यांची इतकी थट्टा केली की आजही ते खेळ वाईट खेळांचा नमुना म्हणून दाखवले जातात. आणि तिकडे अपमान गिळून सोनीने एकटीनेच यंत्र काढले. डिसेंबर १९९४ मध्ये जपानमध्ये आणि सप्टेंबर १९९५ मध्ये अमेरिकेत ते आले, किंमत २९९ डॉलर. ते प्लेस्टेशन पुढे दहा कोटींच्या वर खपले. सीडी-आयची विक्री लाखांत मोजण्यापुरतीच राहिली. फिलिप्सने १९९६ पासून खेळांतून अंग काढून घेतले आणि १९९८ पर्यंत हा धंदा संपल्यात जमा झाला.

इथवरची गोष्ट परदेशातली. आपल्या कपाटातल्या चकतीपर्यंत ती कशी आली ते आता पाहू.

सीडी-आयसाठी एमपेगचे कार्ट्रिज बनवताना फिलिप्सच्या हाती एक गोष्ट लागली होती, ७४ मिनिटांचे हलते चित्र आवाजासह एका साध्या सीडीवर बसते. मग खेळ नको, ज्ञानकोश नको, नुसता चित्रपटच का दाखवू नये? १९९३ साली फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी या चार कंपन्यांनी मिळून व्हिडिओ सीडीचे मानक ठरवले. मानकाच्या या वह्यांना रंगांची नावे होती. सीडी-आयची हिरवी, व्हीसीडीची पांढरी. पांढऱ्या वहीत फिलिप्सने एक अट घालून घेतली. प्रत्येक व्हीसीडीवर सीडी-आयचा एक छोटा प्रोग्राम असावा, म्हणजे ज्यांनी सीडी-आय घेतले आहे त्यांनाही हा चित्रपट पाहता येईल. चकती घातली की सीडी-आरटॉस तो प्रोग्राम चालवणार आणि तो पडद्यावर बटणे दाखवणार. हेच ते सीडीआय फोल्डर! पुढे सीडी लिहिण्याचे जे सॉफ्टवेअर आपल्याकडच्या दुकानांत वापरले गेले, त्यांपैकी कित्येकांनी हे फोल्डर आपोआप घालण्याची सोय ठेवली. म्हणून संगमनेरच्या निकाहाच्या सीडीत आयोवाच्या प्रणालीसाठी लिहिलेला प्रोग्राम बसला. यंत्र मेले तरी त्याच्या नावाची थाळी दस्तरखानावर मांडली जात राहिली.

व्हीसीडी पाहायला सीडी-आयची गरज नव्हती, हेच तिचे भाग्य. सीडी फिरवणारा भाग, एमपेग उलगडणारी एक चिप आणि टीव्हीची वायर, बस. प्रोसेसर साधा, मेमरी थोडी. १९९३ मध्येच चीनच्या हेफेई शहरातील वान्यान कंपनीने असा प्लेअर बनवला. तिचे पहिले यंत्र निघताच इतर कारखानदारांनी ते उघडून पाहिले आणि आपापले काढले. वान्यान मागे पडली, पण किमती धडाधड उतरल्या आणि काही वर्षांतच चीनमध्ये व्हीसीडी प्लेअर कोट्यवधींनी खपले. तेथून ते प्लेअर आणि त्यांचे सुटे किट आशियाभर गेले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ते आपल्या तालुक्यांच्या गावांपर्यंत पोहोचले. रेडिओ-टीव्हीचे आपले मेकॅनिक सीडीची लेन्स साफ करायला, मोटर बदलायला, एमपेगचे कार्ड बसवायला कोणत्याही वर्गात न जाता शिकले.

गेमच्या यंत्रांना मात्र आपल्याकडे ही संधी नव्हती. १९९५ साली शॉ वॉलेस कंपनीने सेगाचे खेळयंत्र भारतात आणले तेव्हा आयातकर ८० टक्के होता आणि यंत्राची किंमत १८,००० रुपये. त्या काळी एवढ्यात मोटारसायकलचा विचार होत असे. मुले खेळली ती निन्टेन्डोच्या जुन्या यंत्राच्या नकला, ज्यांना आपण सरसकट 'टीव्ही गेम' म्हणत होतो. हजार डॉलरच्या सीडी-आयचे येथे नावही निघाले नाही. त्याच सीडी-आयच्या पोटातून निघालेली व्हीसीडी मात्र विडी कामगाराच्या घरातही आली.

मालेगावचे उदाहरण तर सर्वांच्या तोंडी आहे. यंत्रमागाच्या त्या गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी गावातलीच माणसे घेऊन 'मालेगाव के शोले' बनवला. पुढे त्यांच्यावर फैझा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' चित्रपटगृहांत लागला. साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर घेतलेला चित्रपट थोड्या रुपयांच्या चकतीवर छापून विकता येतो, हे व्हीसीडीमुळे शक्य झाले. त्याआधी चित्रपटाच्या रिळाचा खर्च ऐकूनच माणूस घरी बसे. संगमनेरात एवढे मोठे काही झाले नाही. पण लग्नाचे शूटिंग करणारे, मिक्सिंग करणारे, नात आणि बयानांच्या सीडी विकणारे, भाड्याने देणारे, दुरुस्त करणारे, अशी किती तरी घरे या चकतीवर चालली.

या धंद्याची एक बाजू अशीही आहे की ती झाकून चालणार नाही. व्हीसीडी जेवढी पसरली, त्यात दुसऱ्याच्या मालाची चोरटी नक्कल करून विकण्याचा वाटा फार मोठा होता. 'सगळेच करतात' हे उत्तर आपल्यापैकी पुष्कळांनी दिले. कायद्याने पाहिले तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली अशा नकलेला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. शरीअतच्या बाजूने पाहिले तर आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९८८ साली कुवेतमधील बैठकीत ठरवले की ग्रंथकर्त्याचे, शोध लावणाऱ्याचे, व्यापारी नावाचे हक्क हे मालमत्तेसारखेच असून त्यांना हात लावणे जायज नाही. चोरट्या मालाला तोड काय असते, हे २००७ साली मोझर बेअर कंपनीने दाखवले. तिने अस्सल चित्रपटाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. नकलेच्या भावात अस्सल माल! गिऱ्हाईक वळलेही, पण तोवर चकतीचेच दिवस भरत आले होते. ती कंपनीसुद्धा २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली मोडीत निघाली.

आता पुन्हा त्या दुकानाकडे येतो, कारण त्या कारागिराचे काम मला महत्त्वाचे वाटते. दुकानात लिहिलेल्या सीडीवर रंगाचा पातळ थर असतो. तो ऊन, दमट हवा आणि वर्षे यांनी विटतो. कारखान्यात छापलेली सीडी जास्त टिकते, पण लग्नाच्या सीडी बहुतेक दुकानात लिहिलेल्याच असतात. ज्या घरातले दादा-दादी आता राहिले नाहीत, त्यांची बोलती-चालती आठवण तेवढ्या एका चकतीवर असते. शिवाय नव्या लॅपटॉपमध्ये सीडीचा ड्राइव्हच नसतो. म्हणून हे काम जेवढे लवकर होईल तेवढे बरे, आणि आपल्या तरुणांनी ते नीट शिकून घ्यावे. भांडवल म्हणजे यूएसबीने जोडायचा एक बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह.

चकती पुसायची ती मऊ सुती कापडाने, मधून बाहेर सरळ रेषेत. गोल फिरवून पुसू नये, कारण गोल ओरखडा सलग माहिती खातो. एमपेगएव्ही फोल्डरमधील एव्हीसेक नावाच्या डॅट फाइली संगणकात घ्यायच्या. येथेच मुले अडतात. अर्ध्यावर कॉपी थांबते आणि 'सीडी खराब' म्हणून गिऱ्हाइकाला परत पाठवतात. त्याचे कारण पुन्हा त्या अरुंद दारात आहे. व्हीसीडीत चित्राला जास्त जागा मिळावी म्हणून चित्राच्या सेक्टरांतून चुका दुरुस्त करण्याची जादा माहिती काढून टाकलेली असते. एवढ्याशा ओरखड्याने तुकडा वाचला जात नाही आणि संगणक हटून बसतो. अशा वेळी ड्राइव्हचा वेग कमी करावा, दुसऱ्या ड्राइव्हवर लावून पाहावे, किंवा वाचता न येणारा तुकडा सोडून पुढे जाणारे कॉपीचे सॉफ्टवेअर वापरावे. एका सेकंदाचे ७५ तुकडे असतात, त्यांतले दोन-चार गेले तर डोळ्याला क्षणभर चौकडी दिसेल, एवढेच. मिळालेली डॅट फाइल व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये जशीच्या तशी चालते. मोबाइलसाठी ती एमपी-फोरमध्ये बदलून घ्यावी. पण मूळ डॅट फाइलही गिऱ्हाइकाला पेन ड्राइव्हवर द्यावी, कारण दुसऱ्यांदा बदलताना चित्र थोडे उतरतेच.

आणि एक गोष्ट. पैसे देऊन करून घेतलेल्या शूटिंगचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, कायद्याने तो काम सांगणारा गिऱ्हाईकच असतो, कॅमेरावाला नव्हे. त्यात घरातल्या बायका-मुलींची चित्रे असतात. ती फाइल दुकानाच्या संगणकात 'नमुना' म्हणून ठेवणे, कोणाला दाखवणे, ही अमानतीत खयानत आहे. गिऱ्हाइकाने आपल्या मोबाइलवर पाहून होकार दिला की त्याच्यासमोरच पुसून टाकावी.

त्या मुलाने तेच केले. कॉपी पूर्ण झाली, गिऱ्हाइकाने निकाहाचा खुत्बा मोबाइलवर ऐकला, आणि संगणकातले फोल्डर पुसले. सीडीआय नावाचेही पुसले. मूळ चकती मात्र कागदात गुंडाळून परत दिली.